धुऱ्यावरून गेलेली वरात

मनकर्णाबाईचं माहेर आणि सासर दोन्ही अमरावतीच्या परकोटाच्या आतलं. लहानपणापासून ती ज्या बोळांतून हिंडली ते बोळ इतके अरुंद, की समोरून बैल आला तर माणसानं कोणाच्या तरी ओट्यावर चढून उभं राहावं. पण त्यांचा एक गुण होता. कुठूनही आत शिरा, कुठे ना कुठे तुम्ही बाहेर पडणारच. कोणाच्या गोठ्यामागून, कोणाच्या अंगणातून, नाहीतर देवळाच्या पायरीवरून पुढची वाट फुटायची. वाट संपली असं तिला गावात कधी कोणी सांगितलं नव्हतं.

तिचा नवरा नत्थुजी मळ्यात राबायचा आणि मनकर्णाबाई माल विकायची. मळा परकोटाबाहेर, नाल्याच्या काठाला. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात गवार आणि मोगरा. पूर्वी ती सगळी टोपली गावातच खपवायची. पण कापूस निघायला लागला की गावात माणसांचे जे लोंढे यायचे, त्यातले बरेच लोक आता तिथंच राहायला लागले होते. सरकी काढायच्या जिनात कामाला आलेले, कचेरीतले कारकून, वकिलांचे मुन्शी, बडनेऱ्याला नोकरी आणि बिऱ्हाड मात्र अमरावतीत असे रेल्वेवाले. परकोटात त्यांना जागा कुठून मिळणार? मग परकोटाबाहेरची शेतं एकेक करून वस्त्या होऊ लागली. ज्या वावरात गेल्या साली कपाशी उभी होती, तिथं यंदा जोती दिसायची.

मळ्यापासून थोड्या अंतरावरचं मोठं वावर उत्तमराव आणि किसनराव या दोन पाटील भावांचं. काळी कसदार जमीन, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली. बाप होता तोवर एकच खळं, एकच बैलबारदाना. बाप गेला आणि वाटणी झाली. वाटणी झाली तीही सरळ मधोमध, पण वावराच्या मधोमध जो धुरा टाकला तो कोणाचा, यावरून दोघांचं बिनसलं. हातभर उंच मातीचा तो बांध. त्यावर एक लिंबाचं झाड आणि थोडी बोरी-बाभळी. थोरला म्हणे माझा, धाकटा म्हणे माझा. धाकट्यानं आपल्या बाजूनं काट्यांची कुपाटी घातली, तर थोरल्यानं आपल्या बाजूनं दुसरी. मधला धुरा मग कोणाचाच राहिला नाही.

पुढं घरांसाठी जागा मागणारी माणसं दारी येऊ लागली तेव्हा दोघांनीही आपापल्या वाट्याचे तुकडे पाडले. उत्तमरावानं आपली गल्ली बडनेऱ्याच्या सडकेवरून आत आणली, ती धुऱ्यापाशी थांबली. किसनरावानं आपली गल्ली मागच्या जिनाच्या सडकेवरून आत आणली, तीही धुऱ्यापाशी थांबली. दोघांनी स्वतःची घरं मात्र धुऱ्याला लागूनच बांधली. कारण दोघांनाही त्या धुऱ्यावर नजर ठेवायची होती.

नवी वस्ती मनकर्णाबाईला आवडली होती. रुंद गल्ली, कौलारू घरं, दारात तुळस, हवा खेळती. परकोटातल्या सांडपाण्याचा वास नाही. आणि गिऱ्हाईक चोखंदळ असलं तरी भाव करताना तोंड वाकडं न करणारं. पण एक गोष्ट तिच्या पायांना रोज खुपायची. उत्तमरावाची गल्ली संपवून धुऱ्यापाशी आलं की पलीकडची किसनरावाची ओसरी दिसायची. तिथं वाळत घातलेलं लुगडं दिसायचं, चुलीचा धूर दिसायचा. आणि तिथं पोचायला तिला आल्या पावली मागं फिरून, बडनेऱ्याच्या सडकेनं, नाक्यावरून, जिनाच्या भिंतीला वळसा घालून जावं लागायचं. डोक्यावर टोपली आणि वर ऊन. तोवर मेथी मान टाकायची.

तिच्यासारखाच वळसा साऱ्यांना होता. गवळ्याला होता, पोस्टमनला होता. दोन्ही गल्ल्यांतल्या बाया एकमेकींना फक्त आवाजानं ओळखत. म्हणून मनकर्णाबाईच्या टोपलीतून भाजीखेरीज बरंच काही इकडून तिकडं जायचं. विरजण, सुईदोरा, एखादी खबर. उत्तमरावाची बायको गोदाबाई तर दर दोन-चार दिवसांनी पानात बांधून काहीतरी द्यायची.

"सत्यवतीले देजो," ती हळूच म्हणायची. "अन् माह्यं नाव नको सांगू तिच्या बापाजोळ."

सत्यवती ही किसनरावाची मुलगी. वाटणीच्या आधी सारं घर एक होतं तेव्हा ती गोदाबाईच्याच मांडीवर वाढली होती. गोदाबाईला मूल नव्हतं. पोरगी धुऱ्याच्या पलीकडं अंगण झाडताना दिसायची, गाणं म्हणताना ऐकू यायची. तेवढ्यावर गोदाबाईचं समाधान चाललं होतं.

त्या वैशाखात सत्यवतीचं लग्न ठरलं. स्थळ अकोल्याचं. मुलाचे वडील केशवराव मोठे तालेवार गृहस्थ, पातूरच्या रस्त्यावर शेती, अकोल्यात घर. किसनरावानं थोरल्या भावाकडं अक्षत पाठवली, पण पाठवली न्हाव्याच्या हातून. स्वतः गेला नाही. उत्तमरावानं ती अक्षत घेतली, देव्हाऱ्यात ठेवली आणि सांगितलं, "मी काई जात नाई. मले बलावणं न्हाव्यानं केलं, तं न्हाव्यानंच जेवाव माह्या वाटचं."

लग्नाच्या दिवशी सकाळीच गोदाबाईनं ट्रंकेतलं रेशमी लुगडं काढून खाटेवर ठेवलं, पुन्हा घडी केली, पुन्हा काढलं.

लग्नाच्या फुलांचं काम मनकर्णाबाईकडं होतं. मुहूर्त गोरजाचा. मोगऱ्याचे हार, मुंडावळ्या, बायांसाठी गजरे, असं सगळं ओल्या फडक्यात गुंडाळून उन्हं कलताना ती निघाली. जिनाच्या सडकेनं सरळ मांडवात जायचं होतं. पण गोदाबाईला एक गजरा दिल्याशिवाय पुढं जाणं तिच्या जिवाला पटेना. लग्नघरचा नाही तर नाही, निदान त्याच फुलांतला एक गजरा त्या बाईच्या केसांत असावा. म्हणून तिनं वाट वाकडी केली आणि उत्तमरावाच्या गल्लीत शिरली.

गोदाबाई दारातच होती. गजरा हातात घेतला आणि तिचे डोळे भरले. उत्तमराव ओसरीत पाठ करून सुपारी कातरत बसला होता. धुऱ्याच्या पलीकडून वाजंत्री ऐकू येत होती, बुंदीच्या घाण्याचा वास येत होता, आणि तो सुपारी अशी काही कातरत होता, की जणू त्या दिवशी त्याहून महत्त्वाचं काम दुसरं नव्हतं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दुसराच बाजा वाजू लागला.

मनकर्णाबाईनं वळून पाहिलं. गल्लीत एक दमणी शिरत होती. बैलांच्या शिंगांना झेंडूच्या माळा, पाठीवर झुली, छपराला रंगीत कापड. तिच्यामागं दुसरी दमणी, तिसरी, आणि त्यामागं किती ते दिसेना. वऱ्हाडी मंडळी आगगाडीनं बडनेऱ्यावरून अमरावतीच्या ठेसनावर उतरली होती. नाक्यावर कोणाला तरी गाडीवानानं विचारलं, "पाटलाच्या नव्या वस्तीत लगन हाय ते कोठी?" आणि त्यानं मोठी गल्ली दिसली तीच दाखवली होती.

पहिली दमणी थेट कुपाटीपाशी येऊन थांबली. बैलांनी काट्यांना नाक लावलं आणि मान मागं घेतली. मागच्या दमण्या एकीला एक चिकटून उभ्या. परकोटातल्या बोळांहून रुंद असली तरी गल्ली दोन दमण्या शेजारून जातील एवढी नव्हती, मग वळणार कुठून? गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वाजंत्र्यांना पुढं काय झालं याचा पत्ता नव्हता. ते जोरात वाजवतच होते. पलीकडं मांडवातल्या वाजंत्र्यांनी वरात आली समजून आपलाही आवाज चढवला. किसनरावाकडची माणसं आरती घेऊन जिनाच्या सडकेकडं धावली. तिथं रस्ता रिकामा. बाजा वाजतोय आणि वरात नाही, असं काहीतरी विचित्रच होऊन बसलं.

पहिल्या दमणीतून केशवराव खाली उतरले. डोक्याला भरजरी पागोटं, चेहरा प्रवासानं तापलेला.

"हे काय हो?" त्यांनी समोर दिसला त्या माणसाला, म्हणजे उत्तमरावालाच विचारलं. "मांडव तठी दिसून राहिला, बाजा कानावर येऊन राहिला, अन् आमी अठी काट्यापाशी उभे! सोयऱ्याईची अशी थट्टा करते काय कोनी? तुमी कोन?"

उत्तमराव उठून उभा राहिला. हातात अडकित्ता तसाच. त्यानं केशवरावांकडं पाहिलं, दमणीतल्या बाशिंग बांधलेल्या मुलाकडं पाहिलं, मग कुपाटीकडं. मनकर्णाबाई तिथंच उभी होती, ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. शेजारी आहे म्हणून सांगेल, की रस्ता चुकलात म्हणेल, तिला काही कळेना.

"मी," उत्तमरावानं अडकित्ता खाली ठेवला. त्यानं खाकरून पुन्हा सुरुवात केली. "मी नवरीचा मोठा बाप."

केशवरावांचा चेहरा निवळला. त्यांनी हात जोडले. आता त्या जोडलेल्या हातांपुढं उत्तमरावाला दुसरं काय करता येणार होतं? त्यानंही जोडले. गोदाबाई तर 'मोठा बाप' हे शब्द कानी पडताच आत पळाली होती. ती बाहेर आली ती हातात पाण्याची घागर आणि गुळाची परात घेऊन. शेजारच्या कारकुनाच्या बायकोनं आपली फुलपात्रं आणली, पलीकडच्या कंपाउंडरनं घरातली सतरंजी अंथरली. माणसं उतरू लागली, पाणी पिऊ लागली.

पण सूर्य काही पाणी प्यायला थांबणार नव्हता. दमण्या माघारी न्यायच्या तर शेवटून एकेक मागं ओढत काढायची, मग नाका, मग जिनाचा वळसा. मनकर्णाबाई तो वळसा रोज चालत होती. तिनं मावळतीकडं पाहिलं आणि टोपली खाली ठेवली.

"उत्तमभाऊ," ती म्हणाली, "ह्या दमण्या फिरवाले गेले तं मुहूर्त अठीच बुडते. तुमची कुऱ्हाड कोठी हाय?"

"कुपाटी पयले त्यानं घातली होती, वयनी," उत्तमराव हळू आवाजात म्हणाला. सोयऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"घातली असंन. पोरीनं तं नाई घातली ना?"

कुपाटीच्या पलीकडं आता गर्दी झाली होती. किसनराव लाकडाच्या पेटीवर चढून इकडं बघत होता. अंगात नवा कोट, कपाळाला घाम. दोघा भावांची नजरानजर झाली. किती तरी महिन्यांनी झाली असेल. किसनराव काही मागेल असं मनकर्णाबाईला वाटलं. पण तो नुसता आपल्या मुलीच्या वरातीकडं बघत होता.

उत्तमराव गोठ्यात गेला. कुऱ्हाड घेऊन आला. धोतराचा काष्टा घट्ट खोवला आणि बाभळीच्या वाळक्या फांद्यांवर पहिला घाव घातला. त्याला पाहून दोघं-तिघं गाडीवान धावले. कुपाटी जुनी झाली होती, भराभर सुटू लागली. तेवढ्यात पलीकडूनही घावांचा आवाज येऊ लागला. किसनरावानं नवा कोट काढून कोणाच्या तरी हातात दिला होता आणि तो आपल्या बाजूची कुपाटी तोडत होता.

काटे दूर झाले तेव्हा मध्ये राहिला तो हातभर उंच धुरा आणि त्यावरचं लिंबाचं झाड. दमणी त्यावरून जाणं शक्य नव्हतं. नवरदेवानं चालतच जायचं ठरलं. पण नवरदेवाचे पाय काट्याकुट्यांत कसे पडू द्यायचे? गोदाबाई घरात गेली आणि खाटेवरचं ते रेशमी लुगडं घेऊन आली. कोणाला काही विचारलं नाही. धुऱ्याच्या अल्याडपासून पल्याडपर्यंत तिनं ते पसरलं.

"अवं, एवढं चांगलं लुगडं!" मनकर्णाबाईच्या तोंडून निघालं.

"आज नाई तं कधी?" गोदाबाई म्हणाली.

दोन्हीकडचे वाजंत्री एकाच जागी येऊन वाजवू लागले. त्यांचा सूर जुळत नव्हता, पण त्याची पर्वा कोणाला होती? नवरदेव लिंबाखालून धुरा ओलांडून गेला, मागून केशवराव, मागून सारं वऱ्हाड. मनकर्णाबाईही टोपली डोक्यावर घेऊन त्याच वाटेनं गेली. एवढंसं अंतर. तिला वाटलं, मघाशी आपण गोदाबाईच्या दारात होतो आणि इतक्यात मांडवात कसे आलो? मुंडावळ्या वेळेवर पोचल्या, मंगलाष्टकं वेळेवर झाली. उत्तमराव मांडवात मागं उभा होता. केशवरावांनीच त्याला हाताला धरून पुढं आणलं. नवरीच्या मोठ्या बापानं मागं का उभं राहावं, हे त्यांना कळत नव्हतं आणि त्यांना कोणी सांगितलंही नाही.

भाऊ भावाच्या गळ्यात पडला वगैरे काही झालं नाही. पंगतीत किसनराव वाढायला आला, उत्तमरावाच्या पत्रावळीपाशी थांबला आणि म्हणाला, "बुंदी देऊ?"

"दे," उत्तमराव म्हणाला.

किसनरावानं नको इतकी वाढली.

वरात सत्यवतीला घेऊन अकोल्याला गेली. मनकर्णाबाईच्या पायांना मात्र नवी चैन लागली होती. एका गल्लीतून सरळ दुसरीत, मेथी हिरवीगार. गवळीही तिथूनच यायला लागला. मुलं तर दिवसभर धुऱ्यावरच. पण आठवडा होतो न होतो, तोच एका सकाळी ती आली तेव्हा उत्तमराव बाभळीच्या ताज्या फांद्या ओढत होता.

"हे काय करून राहिले भाऊ?"

"लगन होतं, झालं. लोकाईनं रोजचा रस्ता करून टाकला. उद्या किसन म्हनंन, धुरा माहा."

"त्यानं म्हटलं काय तसं?"

"अजून तं नाई म्हटलं."

मनकर्णाबाईनं वाद घातला नाही. नेहमीसारखी मागं फिरली, जिनाचा वळसा घालून किसनरावाकडं गेली आणि त्या दिवशी तिथं सगळ्यांना भाजी उशिरा मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो काटे बाजूला! उत्तमराव ओसरीत तोंड फुगवून बसलेला. झालं होतं असं, की सत्यवती पहिल्यांदा माहेरी आली होती. तिला मोठ्या आईला भेटायचं होतं. गोदाबाईनं पहाटेच फांद्या ओढून टाकल्या होत्या आणि आता दोघी चुलीपाशी बसून चहा पीत होत्या. पोरीच्या अंगावर नवं लुगडं होतं आणि ती अकोल्याच्या घरातल्या गोष्टी सांगत होती. आतून हसण्याचा आवाज येत होता.

"जा ना आत, चहा घे," उत्तमराव मनकर्णाबाईला म्हणाला. मग जरा थांबून, "अन् तिले सांगजो, काटे टाकाले जागा नाई माह्या अंगनात. चुलीत घाला म्हना."

काटे चुलीत गेले. त्यानंतर पुन्हा घातले गेले नाहीत.

पुढं पाऊसपाण्याच्या आधी दोघा भावांनी आपापल्या बाजूनं धुऱ्याची माती ओढून सारखी केली. फक्त लिंबाभोवतीची ठेवली. धुरा कोणाचा हे कधीच ठरलं नाही. रस्ता झाल्यावर ते विचारणंच मागं पडलं. एक-दोन सालांनी गावच्या म्युनिसिपल कमेटीनं त्यावर मुरूम टाकला आणि टांगे धावू लागले. बडनेऱ्याच्या सडकेवरून जिनाच्या सडकेला जायचं तर सारे याच वाटेनं जाऊ लागले. मनकर्णाबाईला थोडा तोटाही झाला. आता दुसऱ्या मळ्यांतल्या बायाही तिथून ये-जा करू लागल्या, आणि बायांना निरोप द्यायला तिची गरज उरली नाही. पण ती आता लवकर घरी पोचायची. दुपारी मळ्यातल्या आंब्याखाली अंग टाकायला तिला सवड मिळायची, आणि नत्थुजी तिची थट्टा करायचा, "रस्ता झाला तवापासून माही बायको आळशी झाली."

वस्ती मात्र थांबली नाही. जिनाच्या सडकेपलीकडं घरं झाली, नाल्याच्या अंगानं झाली. काही गल्ल्या जुळलेल्या, बऱ्याच आंधळ्या. शेवटी मळ्याच्या बांधापर्यंत भिंती आल्या. भाजीपाल्यावर धूळ बसायची, रात्री कोणाची तरी ढोरं शिरायची. नत्थुजीचं वयही झालं होतं. दोघांनी खूप विचार करून ठरवलं की विहिरीभोवतीचा मोगऱ्याचा तुकडा ठेवायचा आणि सडकेकडचा भाग घरांसाठी द्यायचा.

आखणीच्या दिवशी नत्थुजीनं दोरी आणि खुंट्या आणल्या. सडकेवरून गल्ली आत आणली आणि विहिरीपाशी शेवटची खुंटी ठोकली.

"एवढीच?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"मंग? पुढं नेली तं कोपऱ्यातल्या दोन घराईची जागा जाते. अन् पुढं तं नाला हाय. तिकडं कोन जाईन?"

"नाल्यापलीकडं मानसं राहात नाई काय?"

"नाल्यावरून उड्या मारत येतीन काय?"

"पानी नसते तवा उतरून येतीन. कमेटी कधी तरी फरशीचा पूल टाकंन. न टाको. आपन कावून बंद करावं?" तिनं वाकून खुंटी उपटली. ती हातात घेऊन मोगऱ्याच्या वाफ्याच्या कडेकडेनं चालत गेली, थेट नाल्याच्या काठापर्यंत. तिथं एका धोंड्यानं ती खुंटी ठोकू लागली. काळ्या मातीत ती सहज शिरली.

नत्थुजीनं डोकं खाजवलं, दोरी सोडली आणि तिच्या मागं गेला. दोरी ताणून बघितली. मोगऱ्याच्या दोन ओळी जात होत्या.

"दोन ओळी चालल्या वं."

"जाऊ दे. दोन ओळी लावू तिकडल्या अंगानं."

तेवढ्यात उत्तमराव आणि किसनराव दोघंही आले. आखणी आहे हे वस्तीत कळलंच होतं. उत्तमराव म्हणाला, गल्ली विहिरीपाशी थोडी वाकडी करा, म्हणजे मोगरा वाचतो. किसनराव म्हणाला, वाकडी केली तर दमणी अडकते, सरळच ठेवा. उत्तमराव म्हणाला, तुले काय कळते. किसनराव म्हणाला, तुलेच सारं कळते. दोघं दोरीच्या एकाच बाजूला उभे राहून हातवारे करत भांडत होते. नत्थुजी दोरीचं टोक धरून दोघांकडं बघत होता, दोरी वाकवावी की ताठ धरावी हे त्याला कळत नव्हतं.

मनकर्णाबाईनं त्यांना भांडू दिलं. गल्ली नाल्यापर्यंत जाणार हे आता ठरलं होतं, मग वाकडी जावो की सरळ. उन्हं चढत होती. चौघांसाठी भाकरी आणि वांग्याचं भरीत करायला हवं होतं. तिनं चार कोवळी वांगी खुडली आणि आंब्याखालच्या चुलीत काटक्या सरकवल्या.